मुंग्यांची आठ पानं

४ मार्च

हाताच्या डॉक्टरणीने सांगितलं म्हणून हे लिहिणं. मला हौस नाही. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सकाळी लाकडासारखं होतं. सुई धरली की थोड्या वेळाने सुई बोटात आहे की खाली पडली हेच कळत नाही. डॉक्टरीण म्हणाली, गोळ्या घ्या, कोमट पाण्यात हात बुडवा आणि रोज पानभर लिहीत जा, बोटं चालती राहतील. म्हटलं, काय लिहू? म्हणाली, मनात येईल ते. म्हटलं, माझ्या मनात येतं ते लिहिलं तर लोक कोर्टात जातील. ती हसली. मी गंमत केली नव्हती.

मी चौथी पास. पाचवीत आठ दिवस गेले, नवव्या दिवशी घरच्यांनी दप्तर खुंटीला टांगलं ते टांगलंच. त्यामुळे अक्षर चौथीतलं आहे. कुणाला दाखवायचं नाहीये.

कागद दुकानातलाच. आमचं दुकान विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर. प्रबंध बांधतो. शहाणीसुरती माणसं पाच-पाच, सात-सात वर्षं घासून जे लिहितात ते शेवटी माझ्याकडे सुट्या पानांचा गठ्ठा होऊन येतं आणि काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं लावून डॉक्टर होऊन जातं. चुकीची छापलेली पानं ते टाकून जातात. ती पाठकोरी पानं शिवून ही वही केली. आत्ता लिहितेय त्या पानाच्या पलीकडे मोठ्या अक्षरात ‘समारोप’ छापलंय. माझी सुरुवात कुणाच्या तरी समारोपाच्या पाठीवर.

७ मार्च

लेकीने जेवताना बातमी दिली. तिला एम.ए. करायचंय. इथे नाही. रेल्वेने आठ तास लांब, वसतिगृहात राहून, दोन वर्षं. अर्ज केला, परीक्षा दिली, मुलाखत दिली, यादीत नाव लागलं, आणि मग आईला कळलं. मधे दोनदा दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून गेली होती. तरीच म्हटलं, दात होते तसेच कसे.

“दहा जूनपर्यंत कळवायचंय,” म्हणाली. “येते की नाही ते.”

“मग कळव. नाही म्हणून.”

“आई, जरा विचार तरी कर.”

“केला. जेवताना माझा विचार पटकन होतो. अन्न गार होतं.”

बी.ए. होऊन दोन वर्षं झाली. तेव्हा म्हणाली होती, बस, आता दुकान बघते. आता बी.ए. कमी पडतंय. उद्या एम.ए. कमी पडेल. ही खाज आहे, खाजवली की वाढते.

दोष तिचा नाही, दुकानाचा. बांधायला येतं ते सगळं ती वाचते. स्वयंपाक करणाऱ्याने मीठ चाखून बघावं इतपत ठीक, ही ताट वाढून घेऊन बसते. ज्यांच्या हाताखाली शिकायचं म्हणते त्या बाईंचं नावही तिला आमच्याकडे बांधायला आलेल्या एका प्रबंधातच सापडलं. म्हणजे खळ मी लावली आणि चिकटली ती दुसरीकडे.

९ मार्च

ग्रंथालयातून ओल लागलेले वीस प्रबंध आले, पुठ्ठे बदलायला. पंधरा वर्षांपूर्वी आम्हीच बांधलेले. तेव्हा हे होते. हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. नवं पुस्तक पहिल्यांदा उघडताना पाठ करकरते. वाचलं गेलेलं पुस्तक गप्प उघडतं. हे म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, पुस्तकाची पाठ बोलणार नाही.

लेकीला हाक मारली. म्हटलं, बस इथे. ती लहान असताना ऐकवायचे तसं एकेक पुस्तक तिच्या कानापाशी धरून उघडलं. करकर. करकर. पंधरा वर्षं कपाटात उभी आणि एका माणसाने बोट लावलेलं नाही. एकाच्या पहिल्या पानावर ‘माझ्या पत्नीस’ असं होतं. करकर. पत्नीसुद्धा फिरकली नाही.

“ऐकलंस? हे तुझ्या पदव्यांचं गाणं.”

ती म्हणाली, “दोन नाही वाजले.”

“काय?”

“विसातले दोन गप्प होते.”

“एकाला वाळवी लागली होती. वाळवीने वाचला असेल.”

“आणि दुसरा?”

“चहा ठेव,” म्हटलं.

१२ मार्च

दोन गिऱ्हाइकं एकदम, दोघांनाही परवा हवं. सात वर्षं आळोखेपिळोखे देतात आणि शेवटचे दोन दिवस माझ्या उरावर.

एक दाढीवाला. जुन्या काळी जमिनी कशा मोजायचे त्यावर त्याचा प्रबंध. सगळे तक्ते आणि आकडे. दुसरी मुंगीबाई. तिचं नाव मी ठेवलं. सहा वर्षं मुंग्यांच्या मागे फिरली आहे, पानापानावर मुंग्यांची चित्रं. बोलताना स्वतःही इकडून तिकडे धावते. दोघांच्या पाच-पाच प्रती.

आमची बांधणी जुनी, जुजबंदी. आठ-आठ पानं घेऊन टाके घालायचे, तो एक जुज. मग जुजाला जुज दोऱ्याने शिवत जायचं आणि प्रत्येक जुजाच्या टोकाला गाठ मारायची. शेवटी पाठीला खळ आणि जाळीची पट्टी. अशी पुस्तकं तीन पिढ्या टिकतात. वाचणारं कुणी नसतं ही गोष्ट वेगळी.

शिवण मीच करते. लेकीकडे पुठ्ठे, कापड आणि सोनेरी अक्षरं. ती डावखुरी. तिच्या हाताला दोरा उलट्या बाजूने येतो, माझी गाठ उजव्या अंगाला पडते, तिची डाव्या. गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण मला ते उलटं घातलेल्या चपलेसारखं टोचतं. दहा वर्षांची असताना तिने एक वही शिवली होती, यांनी कौतुकाने कपाटात ठेवली. मी म्हटलं होतं, ठेवा, पण गिऱ्हाइकाला नको.

आज संध्याकाळपर्यंत दहाही प्रती शिवून काढल्या. शेवटच्या काही कशा झाल्या मलाच माहीत. दोरा ओढत होते, पण घट्ट झाला की नाही हे डोळ्यांना विचारायला लागत होतं, बोटं सांगत नव्हती. उद्या बघू म्हणून तशाच ठेवल्या.

१३ मार्च

शिवण काय बसली आहे! एकेक पाठ काठीसारखी सरळ. काल उगाच घाबरले. गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या.

मी आठला दुकानात पोचते तोवर लेकीने पाठींना खळ लावून जाळीसुद्धा चिकटवली होती. न सांगता करते असं हे एकच काम. डिसेंबरपासून ती सहालाच जाऊन दुकान उघडते. म्हणते, तिथे शांत असतं, वाचत बसते. आणि मग दुपारी पुठ्ठ्यांच्या ढिगावर डोकं टेकून झोपते. वाचनाने माणूस हुशार होतो म्हणतात, आमच्याकडे झोपाळू होतो.

२१ मार्च

आज दुकानात मोठा घोळ सापडला.

मुंगीबाईची स्वतःची प्रत सोनेरी अक्षरांसाठी राहिली होती. कुठे खळीचा डाग नाही ना म्हणून चाळत होते. मुंगी, मुंगी, मुंगी, आणि मधेच आठ पानं नुसते तक्ते. जमिनीचे. मी चौथी पास असले तरी मुंगी आणि तक्ता यातला फरक मला कळतो.

म्हणजे एक जुज इकडचा तिकडे. म्हणजे मुंग्यांची आठ पानं दाढीवाल्याच्या पाचातल्या एका प्रतीत गेली. आणि त्या पाचही गेल्या, एक त्याच्या घरी, बाकीच्या परीक्षकांकडे आणि ऑफिसात.

बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. लेकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, आई, तुझा हात. माझ्या हाताला काही झालेलं नाही.

२३ मार्च

मुंगीबाई प्रत घेऊन गेली. पुठ्ठ्यावरचं स्वतःचं नाव बघून रडली, पुस्तक छातीशी धरलं, फोटो काढला. उघडलं नाही. मी दोन दिवस जेवले नव्हते ते आज दोन वेळचं एकदम जेवले.

११ एप्रिल

भाऊजी आले होते. यांचा धाकटा भाऊ, शेजारचं झेरॉक्सचं दुकान त्यांचं. त्यांना गरम गोंदाचं यंत्र आणायचंय आणि ते ठेवायला माझी पुढची खोली हवीय. चार मिनिटांत एक पुस्तक, म्हणाले. सुई नाही, दोरा नाही.

“वहिनी, एक माणूस बटण दाबून दिवसभर चालवेल.”

“आणि पुस्तक किती चालेल?”

“उघडतंय कोण?”

हे माझंच वाक्य, पण त्यांच्या तोंडून ऐकून डोकं फिरलं. म्हटलं, “भाऊजी, गोंदाचं पुस्तक म्हणजे फोटोपुरतं केलेलं लग्न. दोनदा ओढून बघा, पानं हातात येतात. माझ्या खोलीत सुई राहील.”

भाऊजी लेकीकडे बघायला लागले. ती मान खाली घालून अक्षरं जुळवत होती. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या. विचारलं तर म्हणाली, कागदाने कापलं. वाचून बोटं कापून घेणारी ही पहिलीच.

२६ एप्रिल

डॉक्टरणीकडे गेले. तिने माझे डोळे मिटायला लावले आणि अंगठ्याला काहीतरी केलं. “कळतंय?” म्हणाली. म्हटलं, “काय?” डोळे उघडले तर तिच्या हातात टाचणी.

म्हटलं, बाई, टाचणी सोडा, तुमच्या गोळ्यांनी कमाल केली आहे. आणि मुद्दाम पिशवीतून नेलेलं पुस्तक दाखवलं. तिने पुस्तकाकडे बघितलं, माझ्या अंगठ्याकडे बघितलं, पुन्हा पुस्तकाकडे.

“हे तुम्हीच शिवलंत?”

“मग काय शेजारणीने?”

सगळ्या शिकलेल्या माणसांचं हेच. स्वतःच्या औषधाने गुण आला तरी पटत नाही. मी मात्र गल्लीतल्या तिघींना तिच्याकडे पाठवलं.

१० मे

एक महिना उरला. लेकीने अजून हो पण कळवलेलं नाही, नाही पण नाही. मी रोज थोडं थोडं बोलते, पाणी घालायचं सोडत नाही. आज म्हटलं, एम.ए. करून काय करणार? म्हणाली, पुढे संशोधन. म्हटलं, म्हणजे प्रबंध. म्हटलं, म्हणजे सात वर्षांनी गठ्ठा घेऊन माझ्याच दारात. त्यापेक्षा आत्ताच दारात आहेस, मधला फेरा वाचव.

ती हसली नाही. म्हणाली, “आई, तू एकटी किती प्रती शिवशील दिवसाला?”

“दहा.”

“दहा,” म्हणाली. आणि उठून गेली.

तिच्या आवाजात चेष्टा होती की काय होतं ते मला समजलं नाही. मला जायचं आहे असं एकदा टेबलावर हात आपटून म्हणाली असती तर मी भांडले तरी असते. हो म्हणायची धमक नाही, नाही म्हणायचा प्रामाणिकपणा नाही. असली माणसं शिकून तरी काय दिवे लावणार?

२८ मे

दाढीवाला पास! तोंडी परीक्षा झाली, बाहेरून परीक्षकबाई आल्या होत्या, म्हणजे त्याच, ज्यांच्या हाताखाली आमची मास्तरीण लेक शिकायचं म्हणते. केकचा डबा घेऊन आला. म्हणाला, “मावशी, एकही दुरुस्ती नाही सांगितली! बाईंनी फार खोल प्रश्न विचारले, पण मी निभावलं.”

तो गेला आणि मला जे हसू सुटलं ते थांबेना. अडीच महिने पोटात ठेवलेलं सगळं लेकीपुढे ओतलं. “ऐक. त्याच्या एका प्रतीत आठ पानं मुंग्या आहेत. माझ्या हातून जुज बदलला. जमिनीच्या मोजणीत मुंग्या! आणि सगळ्यांनी मिळून त्याला डॉक्टर केला. बापाने सांगितलेलं पटत नव्हतं ना, पाठीचं? हातच्या काकणाला आरसा कशाला? कुणीही वाचत नाही. कुणीही नाही.”

मला वाटलं हसेल. ती पांढरी पडली.

“कुठला जुज?”

“कुठला काय? मुंग्यांचा.”

“बारा तारखेचं काम? दोघांचं एकदम आलं होतं ते?”

“हो. आता हस की.”

ती केक तसाच टाकून मागच्या खोलीत गेली. संध्याकाळी मोबाइलवर बराच वेळ काहीतरी लिहीत होती, मग मोबाइल उलटा ठेवला. म्हणाली, “झालं.” विचारलं, काय झालं? म्हणाली, “तुझ्या मनासारखं.”

२९ मे

सकाळी लेक कापड आणायला बाजारात गेली होती. एक बाई दारात. पांढरे केस, खांद्याला शबनम, हातात आमचा काळा पुठ्ठा. परीक्षकबाई. म्हणाल्या, ही प्रत ग्रंथालयात जायची आहे, त्याआधी यातली आठ पानं बदलायला हवीत.

मी काही बोलायच्या आत त्यांनी बरोबर जागा उघडली. मुंग्या. पुस्तक आवाज न करता उघडलं. एवढंसुद्धा करकरलं नाही.

“चूक बांधताना झाली की त्यांच्याकडून?” म्हणाल्या.

“माझी,” म्हटलं. “तुम्ही वाचलंत?”

“दोनदा.”

“मग त्याला पास कसं केलंत?”

त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, “पानांचे आकडे बघून कळलं मला, की दुसऱ्याची पानं आलीत. पण म्हटलं, बघू. विचारलं त्याला, या प्रकरणातल्या मुंग्यांबद्दल जरा सांगा. त्याच्या स्वतःच्या प्रतीत मुंग्या नाहीत. ‘कुठल्या मुंग्या’ एवढं म्हणाला असता की झालं. पण तो पंधरा मिनिटं बोलला. मुंग्या आणि शेतजमीन यांचं नातं कसं गुंतागुंतीचं आहे ते.”

“आणि बाकीचे?”

“मान डोलवत होते. त्यांच्या प्रतीतही मुंग्या नव्हत्या.”

मी हसले, त्याही हसल्या. मग म्हणाल्या, बाकीचं काम त्याने खरंच चांगलं केलंय, घाबरून थापा मारल्या म्हणून सात वर्षं बुडवायची नसतात. मग बाहेर बोलावून कान उपटले त्याचे. ते काही तो केकबरोबर सांगून गेला नाही.

निघता निघता म्हणाल्या, “तुम्ही तिच्या आई ना? मुलाखतीत विचारलं होतं मी तिला, वाचायला कुणी लावलं? म्हणाली, आईने.”

“मी? मी तर ओरडायचे वाचते म्हणून.”

“म्हणाली, आई पुस्तक उघडून ऐकवायची, बघ, कुणी वाचलं नाही. मला त्या पुस्तकांची दया यायची. म्हणून एकेक करत वाचायला लागले.”

मी खळीचं भांडं उचललं आणि तिथेच परत ठेवलं. असं माझं वर्षातून एकदा होतं.

“काल तिचा मेल आलाय,” म्हणाल्या. “येत नाही म्हणून. घरची जबाबदारी आहे, एवढंच लिहिलंय.”

म्हटलं, बरं. शहाणपण सुचलं म्हणायचं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या डॉक्टरणीने टाचणी टोचून बघितलं होतं तसंच. म्हणाल्या, “मी आलेलं सगळं वाचते, पण हा मेल अजून वाचलेला नाही, असं धरते. दहा तारखेपर्यंत वाचणार नाही.”

गेल्या. मी जिंकले. तीन महिने जे घासत होते ते झालं. दुपारचं जेवण गेलं नाही, पण ते उन्हाने.

३० मे

जुज बदलायचा म्हणजे पाठ फोडायची, जाळी सोलायची, दोरा कापायचा. लेक पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बघत होती. मी मागे बसले. जाळी सोलली. खळ ओली करून खरवडली. गाठी दिसायला लागल्या.

पहिले चार जुज माझे. पाचव्यापासून सगळ्या गाठी डाव्या अंगाला.

मी चष्मा पुसला. पुस्तक उलटं धरलंय का बघितलं. सुलटंच होतं. मग उठून, तयार होऊन गिऱ्हाइकाची वाट बघत असलेली दोन पुस्तकं घेतली, चांगली, खळ वाळलेली, आणि त्यांच्याही पाठी फोडल्या. डाव्या. डाव्या. पहिल्या तीन-चार सोडून सगळ्या घट्ट, काठीसारख्या सरळ, आणि डाव्या.

मग चिकटपट्ट्या आठवल्या. सहा वाजता उघडणारं दुकान आठवलं. मी पोचायच्या आत लागलेली जाळी. डॉक्टरणीचं ते बघणं. बावीस वर्षं मी लोकांच्या पाठी वाचते आणि माझ्याच टेबलावरची वाचली नाही.

हाक मारली. ती आली, टेबलावर बघितलं आणि दारातच थांबली.

“ही गाठ कुणाची?”

“तुझी.”

“मी काय आरशात बघून शिवते?”

ती टेबलाशी आली.

“कधीपासून?”

“डिसेंबर.”

“सगळी?”

“सुरुवातीचे तीन-चार जुज तुझे चांगले असतात. पुढचे सैल पडतात. ते उसवून पुन्हा शिवते.” मग म्हणाली, “त्या दिवशी दोन्ही प्रबंध एकदम उसवून ठेवले होते. तू झोपल्यावर रात्रीच येऊन बसले होते, तरी आठ वाजत आले. घाईत जुज इकडचा तिकडे गेला. तुझी चूक नव्हती ती, आई.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

“ओरडले असते.”

“मग?”

“मग काय? ओरडून झाल्यावर दुसरं काहीतरी केलं असतं! मी त्या डॉक्टरणीचे उपकार मानून आले! तिघींना पाठवलं तिच्याकडे! गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.”

ती हसायला लागली. हसता हसता नाक ओढायला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही, मला दोरा कापायचा होता.

“म्हणून ‘येत नाही’ कळवलंस?”

“कोण शिवणार सगळं?” म्हणाली.

“तो माझा प्रश्न. तू काय माझी आई आहेस?”

मग मी एकटीने मुंग्यांची पानं काढली. भाऊजींकडून मोजणीची पानं पुन्हा काढून आणली, जुज शिवला. आठ पानांना तासभर लागला. गाठ उजवीकडे आहे. सैल आहे. ही प्रत परीक्षकबाईंनी दोनदा वाचलेली, आता सैल राहिली तरी चालेल. जुज बदलल्याची चूक माझी म्हणून बाईंना सांगितली आहे, ती माझ्याच नावावर राहू दे. बाईंना खरं सांगायची गरज नाही.

२ जून

भाऊजींकडे गेले. म्हटलं, ते यंत्र आणा.

ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही तर ‘फोटोपुरतं लग्न’ म्हणाला होतात.”

“फोटोपुरत्या लग्नातही माणसं नांदतात. पुढची खोली घ्या. आणि जास्त हसू नका.”

लेकीला सांगितलं, यंत्र येतंय, मला आता शिवायला कुणाची गरज नाही, तू दुकानात अडगळ आहेस. त्या बाईंना फोन कर.

“आई, तू गोंदावर बसणार?”

“बसेन. पुठ्ठे गोंदालाही लागतात. अक्षरं मी लावीन.”

“तुझी अक्षरं चौथीतली आहेत.”

“मग गिऱ्हाईक पुठ्ठ्यावर चौथीतला डॉक्टर होईल. लाव फोन.”

लावला. पलीकडून बाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. लेक नुसती “हो, हो, हो” करत होती. तीन महिन्यांत तिला एकदा म्हणता आलं नव्हतं ते पाच मिनिटांत वीस वेळा म्हणाली.

१७ जून

यंत्र आलं. खोलीभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. पहिलंच पुस्तक चार मिनिटांत झालं. मी दोन्ही हातांनी ओढून बघितलं. पानं सुटली नाहीत. वाईट वाटलं.

डॉक्टरणीकडे जाऊन खरं सांगितलं. तिने गोळ्या बदलल्या. म्हणाली, लिहिणं सोडू नका. मनात आलं ते लिहिता ना? म्हटलं, तुमच्याबद्दलही लिहिलंय.

१२ जुलै

लेक गेली. सकाळच्या गाडीने.

गेले चार दिवस मी एक वही शिवत होते. कोऱ्या पानांची, पाठकोरी नाही, नवी. काळं कापड, सोनेरी अक्षरं काही नाहीत, ती अजून व्हायचीत. एका वहीला चार दिवस. प्रत्येक टाका डोळ्यांनी बघून ओढला. तरी मधला भाग पोट सुटल्यासारखा झाला आहे.

गाडी सुटायला पाच मिनिटं असताना पिशवीत कोंबली. तिने काढून पाठीवरून बोट फिरवलं.

“ही तूच शिवलीस.”

“कशावरून?”

“सैल आहे.”

“मग दे परत.”

दिली नाही. खिडकीतून म्हणाली, “जेवत जा वेळेवर.” मी म्हटलं, मला शिकवू नकोस, अजून एम.ए. झालेली नाहीस. गाडी हलली तेव्हा आणखी एक सांगायचं राहिलं होतं ते चालता चालता ओरडून सांगितलं. लोक बघत होते, बघू देत.

म्हटलं, दोन वर्षांनी ती वही घेऊन ये. मी उघडून बघणार. करकरली तर घरात घेणार नाही.